दादा, बूस्टचा स्क्रू तू फिरवलास

दादा,

तुझ्या दिवसांना आलेल्या प्रत्येकाने मला तेच सांगितलं. हातात पाना असताना गेला, भाग्यवान माणूस. मिरकरवाड्याच्या जेटीला लागलेल्या इक्बालभाईंच्या लाँचवर, इंजिनरूममध्ये, नट आवळता आवळता तू खाली बसलास आणि परत उठला नाहीस. कळ आली म्हणायलाही वेळ मिळाला नाही म्हणे. मी प्रत्येकापुढे मान हलवली. मनात म्हणत होते, भाग्यवान कसला, पळपुटा. चार वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी थांबले होते ते न बोलताच तू गेलास, आणि वर लोक तुझं कौतुक करतायत.

ते सांगत होते त्यात खोटं काही नव्हतं. अडल्यानडल्याला धावणारा, वादळाच्या तोंडावर बंद पडलेली लाँच पाण्यात उतरून चालू करून देणारा, खलाशांच्या पंगतीत बसून जेवणारा. सगळं खरं. एवढ्या सगळ्यांशी चांगला वागलास, आणि एका जागी खोटं बोललास ते नेमकं माझ्याबाबतीत.

तुझ्या हातचं मला काय मिळालं तेही सांगते, नाहीतर म्हणशील बाय कृतघ्न निघाली. बाबा लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते, पण इंजिन मला तू शिकवलंस. मी नऊ वर्षांची होते. तू लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवलास, त्याची मूठ माझ्या कानाला लावलीस आणि म्हणालास, कुठला सिलिंडर रडतोय ते सांग. मी तिसऱ्याकडे बोट दाखवलं. तू उघडून बघितलंस तर तिसऱ्याचाच इंजेक्टर तुंबलेला. संध्याकाळपर्यंत तू ते सगळ्या जेटीला सांगून आला होतास. पुढे बाबा मला डी.एड.ला घालायला निघाले तेव्हा पॉलिटेक्निकचा मेकॅनिकलचा फॉर्म तूच आणलास. बाबांना म्हणालास, हिच्यासारखा कान सबंध बंदरात कोणाला नाही. त्या फॉर्मवर मी शिकले आणि आज त्याच पॉलिटेक्निकात शिकवते. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझा राग करणं सोपं गेलं असतं.

मग ती गाडी आली. पावसकडच्या एका बागायतदारांच्या भावाने परदेशातून आणलेली, दोन दारांची, निळी, जपानी. इंजिन बसलेलं. आंब्याच्या पेट्या भरतात त्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती आणि सीटमध्ये उंदरांनी घरं केली होती. ते म्हणाले, घेऊन जा एकदाची, शेड तरी मोकळी होईल. टोचन लावून तू ती आणलीस, बॉनेट उघडलंस आणि मला कॉलेजात फोन केलास. तास अर्धा सोडून मी आले.

आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघांनी रोटरी इंजिन डोळ्यांनी पाहिलं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका लांबट घरात गरगरतो आणि फिरता फिरताच हवा ओढतो, दाबतो, जाळतो, बाहेर टाकतो. त्याच्या तिन्ही टोकांना धातूची एकेक बारीक पट्टी असते, ती सील. ती पट्टी शाबूत तर इंजिन शाबूत. तू तो रोटर मांडीवर घेऊन बसला होतास. वहिनी चहा ठेवून गेली, तो थंड झाला. उठताना तू एवढंच म्हणालास, “ह्याला टर्बो लावायचा, बाय.”

टर्बो तुझ्या हातातली गोष्ट होती. लाँचवरच्या डिझेल इंजिनांचे किती टर्बो तू उघडून बसवले असशील. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पण डिझेलचं गणित वेगळं, पेट्रोलचं वेगळं, आणि ह्या इंजिनाचं त्याहून वेगळं. इथेच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून तेही इथे लिहिते.

रोटरच्या प्रत्येक बाजूवर एक खळगा असतो. तो खोल असला की हवा कमी दाबली जाते, उथळ असला की जास्त. आपल्या गाडीतले उथळ खळग्याचे, म्हणजे हाय-कॉम्प्रेशनचे, हवा दहापट दाबणारे. कारखान्याने ते टर्बोशिवाय चालवायला केलेले. मी म्हणत होते, मुंबईच्या भंगारवाल्याकडे खोल खळग्याचे रोटर आहेत, ते आण. टर्बो आधीच हवा कोंबणार, त्यावर ह्या रोटरने आणखी दाबलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकेल. पिस्टनचं इंजिन असे चार दणके सोसतं. ह्यात दुसऱ्या-तिसऱ्या दणक्याला सील तुटते, तुकडे धुराबरोबर टर्बोत जातात आणि दोन्ही एकदम खलास. तू म्हणत होतास, खोल खळग्याचं इंजिन खाली, कमी फेऱ्यांना, मेलेलं असतं. टर्बो जागा होईपर्यंत घाटातलं वळण संपून जातं. मला वळणावर ओढणारी गाडी हवी, नुसत्या सरळ रस्त्यावर पळणारी नको. मी पुस्तक उघडून दाखवलं. तू म्हणालास, पुस्तक लिहिणाऱ्याने आंबा घाट बघितलेला नाही.

मुंबईला गेलास आणि रोटर आणलेस ते उथळ खळग्याचेच, नवे, दोन. मला फोनही केला नाहीस.

तरी मी ट्यूनिंग करायला बसले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुझं काम बघून मला राहवत नव्हतं, हे एक कारण. धुराची नळी तू जाड पाइप कापून कापून, स्वतः वेल्डिंग करून बनवलीस. रोटरीचा धूर फार तापलेला असतो. दोनदा जोड फुटले, तिसऱ्यांदा तू ते असे घातलेस की आजही तिथे केसाएवढी चीर नाही. ट्रकचा इंटरकूलर कापून पुढच्या बंपरमागे बसवलास, टर्बोतून आलेली हवा थंड व्हावी म्हणून. दोन वर्षं रोज सकाळी कॉलेजच्या आधी आपण सड्यावरच्या मोकळ्या कातळातल्या रस्त्याला जात होतो. तू चालवायचास, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. किती दाबाला किती पेट्रोल, किती फेऱ्यांना ठिणगी किती उशिरा, म्हणजे टायमिंग, एकेक आकडा मी बसवला. बूस्टची, म्हणजे टर्बो कोंबतो त्या जास्तीच्या दाबाची, मर्यादा ठेवली अर्धा बार. त्याच्या वर दाब गेला की कॉम्प्युटरने आपोआप पेट्रोल तोडायचं, म्हणजे इंजिन वाचतं. ह्याला आपण कट म्हणायचो. अर्ध्या बारला गाडी छान पळत होती. तुला ती मवाळ वाटायची.

मग पुण्याचे एक गृहस्थ येणार असं ठरलं. शर्यतीच्या गाड्या तयार करणारं त्यांचं वर्कशॉप. माझे आलेख त्यांनी मागवून बघितले होते आणि ट्यूनिंगला माणूस हवा होता. म्हणाले, गाडी प्रत्यक्ष बघतो, मग बोलू. पॉलिटेक्निक सोडून मी हे काम करू शकेन असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तुला सांगितलं तेव्हा तू हसलास आणि म्हणालास, जा की.

आदल्या दिवशी तू मला म्हणालास, उद्यापुरता तो कट काढून टाक. दाब जरा वर-खाली झाला आणि गाडी लोकांसमोर अडखळली तर लाज जाईल. मी नको म्हटलं. तू परत म्हणालास. मी काढला. हे चार वर्षांत मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कट मी काढला, माझ्या हाताने, एका क्लिकसरशी, कारण मलाही गाडी अडखळायला नको होती.

सड्यावर तीसेक माणसं जमली होती. लाँचवाले, माझे कॉलेजातले सहकारी, पुण्याचे ते गृहस्थ. पहिल्या दोन फेऱ्या तू झकास मारल्यास. तिसऱ्या फेरीच्या आधी तू बॉनेट उघडून आत हात घातलास. पाणी बघतोयस असं मला वाटलं. मग निघालास. चढाला लागलास आणि गाडी अशी सुटली जशी ती कधीच सुटली नव्हती. लोक ओरडले. मी ओरडले नाही, कारण मला ते ऐकू आलं. पत्र्यावर खडे पडावेत तसा बारीक आवाज, पेट्रोल अवेळी भडकल्याचा. तू आत होतास, तुला नंतर कळलं. मागच्या रोटरची सील गेली, धूर आला, इंजिन ढबढब करत थांबलं.

लोक धावत गेले. तू दार उघडून बाहेर आलास. कोणीतरी मोबाइल समोर धरून विचारलं, काय झालं. तू माझ्याकडे बघितलंस. मग मोबाइलकडे बघून म्हणालास, “ट्यूनिंग हिचं होतं.”

तीन शब्द, दादा. त्या संध्याकाळपर्यंत ते सगळ्या रत्नागिरीत फिरले. पुण्याच्या गृहस्थांनी जाताना माझ्याशी हात मिळवला आणि आठवड्याने कळवलं की सध्या जागा नाही. कॉलेजात माझ्या मागे बोललं जायचं, टायमिंगवाल्या मॅडम. एकदा वर्गात फळ्यावर कोणीतरी लिहूनही ठेवलं होतं. मी पुसलं आणि शिकवायला सुरुवात केली.

त्या तिसऱ्या फेरीची नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये होती. दाब सव्वा बारला गेलेला. टर्बोवर बूस्ट कमी-जास्त करायचा पितळी स्क्रू असतो, तो मी मागाहून मोजला, तू अडीच आटे आत घेतला होतास. आकडे स्वच्छ होते, कोणालाही दाखवले असते तर एका मिनिटात कळलं असतं. मी दाखवले नाहीत. लोकांना सांगत होते, जाऊ दे, भाऊ आहे. खरं कारण हे की त्याच फाइलमध्ये कट बंद असल्याची नोंदही होती. तुला उघडं पाडायचं तर मलाही उघडं पडावं लागलं असतं. म्हणून मी ठरवलं, तूच बोल. तू आधी बोल, मग मी माझं बोलेन.

तू बोलला नाहीस. गणपतीला मी घरी येत होते, तू माझ्या पानात दोन मोदक जास्त वाढायचास, आपण वहिनीच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो, सुरमईच्या भावाबद्दल बोलायचो. गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आपण दोघं तिच्या शेजारून चालत आंघोळीच्या पाण्याला जात होतो. एकदा तू ताडपत्रीचं टोक नीट खोचलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता. तू म्हणालास, “पाऊस आत येतो गो.”

दिवसांना इक्बालभाई आले. जेटीवर तुला शेवटचं त्यांनीच उचललं होतं. माझ्याजवळ बसले आणि फार मायेने म्हणाले, बेटा, त्या गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस, त्याने तुला केव्हाच माफ केलं होतं.

घरात वीसेक माणसं होती. मी मोठ्याने बोलले नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “इक्बालभाई, स्क्रू त्याने फिरवला होता.”

मला वाटलं आता सगळे माझ्यावर उलटणार, मेलेल्या भावाबद्दल काय बोलते म्हणून. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, “होय. त्यानेच.”

इक्बालभाई कपाळावर हात ठेवून बसले. मी उठून आत गेले. वहिनी नारळ खवत होती, थांबली नाही. तिला त्या संध्याकाळीच ठाऊक होतं. घरी आल्या आल्या तू तिला सांगितलं होतंस. पुण्याच्या माणसाने डोळे विस्फारावेत आणि बायला तिथल्या तिथे न्यावं म्हणून स्क्रू आत घेतला, असं म्हणाला होतास. मग एवढी माणसं अंगावर आली आणि तोंडातून भलतंच निघालं. वहिनी म्हणाली, जा, तिला सांगून ये. तू म्हणालास, उद्या. पुढे कधी तिने विषय काढला की तू जेटीवर निघून जायचास.

मी वहिनीला विचारलं, मग तू का नाही सांगितलंस मला. ती म्हणाली, “तुम्हा दोघांमधलं ते. माझ्या तोंडून आलं असतं तर तो सुटला असता.”

तिच्यावरही मला राग आला आणि तो अजून आहे. पण तिथेच उभं राहून मी तिला माझं सांगून टाकलं. म्हटलं, कट मी काढला होता. वहिनीने विळी बाजूला केली आणि विचारलं, कट म्हणजे काय.

म्हणजे तू तिला ते सांगितलंच नव्हतंस. स्वतःचा गुन्हा सांगताना माझा वगळलास. विसरलास, की वगळलास? हे मला कोण सांगणार आता? ज्या माणसाने तीसजणांसमोर माझं नाव पुढे केलं, त्यानेच घरी चुलीपाशी ते झाकलं असेल, तर अशा माणसाचं मी काय करू? आणि माझ्यासाठी स्क्रू फिरवलास हे मी निम्मंच धरते. निम्मा तू स्वतःसाठी फिरवलास. तीस माणसं बघत होती आणि स्टीअरिंग तुझ्या हातात होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी म्हणाली, शेडमधलं ते घेऊन जा, मला बघवत नाही. मी ताडपत्री काढली. इंजिन खाली उतरवून ठेवलेलं. शेजारी हापूसच्या पेट्यांमध्ये सगळं सामान: नव्या सीलचा संच, रोटरचं दुसरं घर, दुरुस्त केलेला टर्बो, तेल लावून कागदात गुंडाळलेलं. चार वर्षं एकेक वस्तू जमवलीस आणि इंजिनाचा एक नट उघडला नाहीस. मी येईन म्हणून थांबलास, असं वहिनीला वाटतं. मी तीन रस्ते पलीकडे राहते, दादा. चालत यायला दहा मिनिटं लागतात.

भंगारवाल्याला मी फोन केला. खोल खळग्याचे रोटर त्याच्याकडे अजून होते, पाठवतो म्हणाला. मी नको म्हटलं. तुझेच बसवले, उथळ खळग्याचे. तुझ्यावरच्या प्रेमापोटी बसवले असं कोणी समजू नये. मला ते फुटायला हवे होते. सगळं नीट करून, माझ्या आकड्यांवर, कट चालू ठेवून, अर्ध्या बारवर चालवायचे आणि तरीही फुटलेले बघायचे, म्हणजे हे रोटर आणलेस तिथेच तू चुकला होतास हे सिद्ध झालं असतं.

फुटले नाहीत. महिनाभर रोज सकाळी सड्यावर चालवली. सीलला काही झालं नाही. मग एका रविवारी वहिनीला म्हटलं, चल. ती त्या गाडीत कधीच बसली नव्हती. पट्टा कसा लावायचा ते तिला दाखवावं लागलं. हातखंबा, नाणीज, साखरपा करत आम्ही आंबा घाटाला लागलो. पहिल्या मोठ्या वळणावर मी गाडी हळू केली, परत पाय दिला, आणि टर्बो जागा व्हायच्या आधीच तिने ओढ घेतली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावर तेच. खालून वरपर्यंत एकदाही ती मेल्यासारखी झाली नाही.

तू बरोबर होतास. हे मी लिहून देते. दहाच्या कॉम्प्रेशनवर टर्बो चालतो, हाव आवरली तर. घाटासाठी हेच रोटर योग्य होते आणि माझं पुस्तक अपुरं होतं. माझ्या वाटणीचं मी बोलले. कट काढल्याचंही बोलले, आणि परवा कॉलेजात, दोन्ही नोंदी पडद्यावर लावून, वर्गासमोरही बोलले. तुझं काय?

वर पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली. खाली सगळं धुक्यात होतं. वहिनीने पट्टा सोडवून काच खाली केली. मग म्हणाली, “तो असता तर म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो.”

म्हणालाच असतास. आणि मी तुला सव्वा बार ऐकवला असता. तू म्हणाला असतास, एकदाच गो, एकदाच फिरवला. मी म्हटलं असतं, एकदाच पुरे होतं. तू स्टीअरिंग मागितलं असतंस, मी दिलं नसतं, आणि वहिनी मागून म्हणाली असती, दोघं गप्प बसा, दरी आहे.

ती चार वर्षं आपण कधी भांडलोच नाही हे मला तिथे कळलं. जे झालं ते भांडण नव्हतं, नुसती मोदकांची देवाणघेवाण होती. तू मला भांडायला मिळाला असतास तर मी तुला सोलून काढलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन परत शेजारी बसले असते. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू जेटीवर जात राहिलास, म्हणून मी तुला माफ केलेलं नाही.

मी गाडी वळवली. उतारावर गिअर खाली घेतला, इंजिन एकसारखं, स्वच्छ वाजत होतं. शेजारी वहिनी डोळे मिटून बसली होती. साखरप्यापर्यंत सगळा घाट उतरलो, आणि गाडीत कोणी एका शब्दाने भांडलं नाही.